रोमन सम्राटांची नाणी : संग्रह आणि अभ्यास

प्राचीन राज्यकर्त्यांनी आपल्यामागे ठेवलेल्या दप्तरांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहे. राजवाडे ढासळले, पुतळे फोडले गेले, पपायरसाच्या गुंडाळ्या कुजून गेल्या. नाणी मात्र टिकली. ती धातूची होती, लहान होती, आणि लढाई-दरोड्याच्या प्रसंगी माणसे ती गाडग्यात भरून जमिनीत पुरून ठेवीत. पुरणाऱ्यांपैकी ज्यांना परत येता आले नाही, त्यांच्या त्या दुर्दैवामुळेच रोमन साम्राज्याचा सुमारे पाचशे वर्षांचा इतिहास आपल्याला धातूवर कोरलेला वाचावयास मिळतो.

हा विषय मराठी वाचकास प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तथापि रोमन सोने आणि चांदी आपल्या देशात इतक्या विपुल प्रमाणात आली की, दक्षिणेत नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खोदाईत या नाण्यांचे हंडे लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यांतील काही वस्तुसंग्रहालयात पोहोचले; किती सोनाराच्या मुशीत गेले याची गणती कोणी ठेवलेली नाही. म्हणून नाणेसंग्रहाच्या छंदाबरोबरच गावात नाणी सापडल्यास काय करावयाचे, याचाही विचार येथे केला आहे.

एक जुना छंद

जुनी नाणी जमविण्याची हौस खुद्द रोमन लोकांनाही होती. पहिला सम्राट ऑगस्टस सणावाराला आप्तेष्टांना भेटी देताना प्राचीन राजांची व परदेशी नाणी देत असे, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनियस याने नमूद केले आहे. पुढे चौदाव्या शतकात इटालियन कवी पेत्रार्क याने हा छंद अभ्यासाच्या पातळीवर नेला. रोमच्या परिसरातील द्राक्षमळ्यांत खणताना मजुरांना नाणी सापडत आणि ते ती पेत्रार्ककडे घेऊन येत. विकत घ्या किंवा निदान यावर कोणाचे मुख आहे ते तरी सांगा, अशी त्यांची विनंती असे. १३५४ मध्ये मांतुआ येथे पेत्रार्कने सम्राट चौथा चार्ल्स याला काही रोमन नाणी नजर केली, आणि ज्यांच्या गादीचा वारसा आपण सांगता त्यांच्यासारखे वागून दाखवा, असेही सुचविले. राजाला नजराणा देताना उपदेशही करणारा असा कवी विरळाच.

नाण्यांची कोष्टके

रोमचे मुख्य चांदीचे नाणे डिनॅरियस. ते इ. स. पूर्व २११ च्या सुमारास प्रथम पाडले गेले. ऑगस्टसच्या काळी सोन्याचा एक ऑरियस म्हणजे २५ डिनॅरियस, एक डिनॅरियस म्हणजे चार पितळी सेस्टर्टियस, आणि एक सेस्टर्टियस म्हणजे तांब्याचे चार अस, असे कोष्टक होते. म्हणजे डिनॅरियसचे अस होत सोळा. रुपयाचे सोळा आणे ज्यांनी शाळेत पाठ केले असतील त्यांना हे कोष्टक लक्षात ठेवणे जड जाणार नाही. ऑगस्टसच्या फौजेतील साध्या शिपायाचे वार्षिक वेतन २२५ डिनॅरियस होते, यावरून या नाण्याच्या क्रयशक्तीची कल्पना यावी.

डिनॅरियस हा शब्द आपल्याही भाषांत शिरलेला आहे. गुप्तकालीन शिलालेखांत सुवर्णनाण्यास ‘दीनार’ म्हटले आहे, तो याच शब्दाचा अवतार होय.

नाणे कसे वाचावे

उदाहरणादाखल भारतात सर्वाधिक सापडणाऱ्या नाण्यांपैकी एक घेऊ. हे सम्राट टायबेरियस (इ. स. १४ ते ३७) याचे डिनॅरियस. आकार आपल्या जुन्या पावलीएवढा, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारे, मस्तकी पर्णमाला धारण केलेले सम्राटाचे मुख आहे. त्याभोवती कडेने रोमन लिपीत लेख आहे : ‘टी सीझर दिवी ऑग एफ ऑगस्टस’. शब्द संक्षिप्त आहेत, कारण जागा थोडी आणि बिरुदे फार. ‘टी’ म्हणजे टायबेरियस, ‘दिवी ऑग’ म्हणजे देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा, आणि ‘एफ’ म्हणजे फिलियस, अर्थात पुत्र. पूर्ण अर्थ असा की, हे नाणे देवपदास गेलेल्या ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस याचे.

वस्तुतः टायबेरियस हा ऑगस्टसचा औरस पुत्र नव्हता, इ. स. ४ मध्ये तो दत्तक घेतला गेला होता. गादीवरचा दत्तक वारस आपल्या हक्काचा उच्चार किती आग्रहाने करतो हे आपल्या संस्थानी इतिहासातही दिसते. टायबेरियसने तो उच्चार नाण्यावर केला आणि साम्राज्यातील बाजारपेठांत पोहोचविला.

मागील बाजूस आसनस्थ स्त्री आहे. तिच्या एका हाती राजदंड व दुसऱ्या हाती डहाळी. ही सम्राटाची माता लिव्हिया असावी, असे सामान्यतः मानतात. बाजूचा लेख ‘पोंटिफ मॅक्झिम’, म्हणजे मुख्य पुरोहित. राजसत्ता आणि धर्मसत्ता एकाच हाती असल्याची ही घोषणा होय.

अशी आठ-दहा संक्षिप्त रूपे पाठ केली की बहुतेक नाणी वाचता येतात. ‘इंप’ म्हणजे इंपेरातोर, विजयी सेनापती. ‘कॉस’ म्हणजे कॉन्सल हे पद. ‘पी पी’ म्हणजे राष्ट्रपिता. तांब्या-पितळेच्या नाण्यांवरील ठळक ‘एस सी’ म्हणजे सेनेटच्या ठरावाने. सर्वांत उपयुक्त अक्षरे ‘टीआर पी’ ही होत. लोकप्रतिनिधीचा हा अधिकार सम्राटास दरसाल नव्याने प्राप्त होई आणि त्यापुढे वर्षाचा आकडा घालीत. तो आकडा मिळाला की नाणे कोणत्या साली पाडले ते ठरविता येते. रोमन लिपीत त्या काळी ‘यू’ हे अक्षर ‘व्ही’सारखे लिहीत, एवढे ध्यानात ठेवल्यास नवशिक्याचा गोंधळ होत नाही.

शिक्षकांना या पाठाची सुरुवात खिशातील रुपयापासून करता येईल. नाण्यावरील सालाखाली चौकट-इस्पिकासारखे हिऱ्याचे चिन्ह असल्यास ते मुंबईच्या टाकसाळीचे, तारा असल्यास हैदराबादचे, वाटोळा ठिपका असल्यास नोएडाचे, आणि काहीच नसल्यास कोलकात्याचे. उत्तरकालीन रोमन नाण्यांच्या तळाशीही अशीच टाकसाळींची संक्षिप्त नावे असतात. विद्यार्थ्यांनी आधी आपले नाणे वाचावे. मग दोन हजार वर्षांपूर्वीचे परके वाटत नाही.

मुद्रा आणि मुखवटे

हयात माणसाचे मुख रोमच्या नाण्यावर घालण्याचा प्रघात जूलियस सीझरने इ. स. पूर्व ४४ मध्ये पाडला. लोकसत्ताक रोममध्ये हे राजेपणाचे लक्षण समजले गेले आणि त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. खुन्यांतील प्रमुख ब्रूटस याने इ. स. पूर्व ४२ मध्ये त्या कृत्याचे स्मारक म्हणून जे नाणे पाडले त्यावर दोन खंजीर, त्यांच्यामध्ये गुलामाला मुक्त करताना घालावयाची टोपी आणि मार्चची ती तिथी आहे. दर्शनी बाजूस मात्र ब्रूटसने स्वतःचेच मुख घातले! ज्या गुन्ह्यासाठी सीझरला मारले तोच त्याने केला. इतिहासाच्या पुस्तकात एवढा उपरोध एका ओळीत क्वचित सापडतो.

सम्राटांचे चेहरे पाहत जाणे हा संग्राहकाचा मोठा आनंद असतो. ऑगस्टस सत्तरी उलटल्यावरही नाण्यांवर तरुणच दिसतो. याउलट नीरो (इ. स. ५४ ते ६८) पहिल्या नाण्यांवर कोवळा मुलगा आहे आणि शेवटच्या नाण्यांवर जाड मानेचा, सुजलेल्या गालांचा. व्हेस्पेशियनचे टक्कल आणि सुरकुत्या ठसा कोरणाऱ्याने लपविल्या नाहीत. हेड्रियनपासून सम्राटांच्या मुखावर दाढी येते.

मागील बाजू हे सरकारी प्रसिद्धीचे स्थान होते. क्लॉडियसने ब्रिटनच्या विजयाची कमान तेथे दाखविली. नीरोने ऑस्टियाचे बंदर दाखविले. ट्रेजन (इ. स. ९८ ते ११७) याच्या काही नाण्यांवर इटलीतील मुलांच्या पोषणाची योजना आहे. ती योजना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सरकारी खजिन्यातून जमीनदारांना तारणावर कर्ज द्यावयाचे आणि त्याचे व्याज, एका ताम्रपटाप्रमाणे दरसाल शेकडा पाच, त्याच गावातील गरीब मुलांच्या निर्वाहाकडे लावावयाचे. सरकारने केलेल्या कामाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याची निकड तेव्हाही होती, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या हाती जाणारे नाणे हे सर्वांत स्वस्त साधन होते.

इ. स. ६९ हे चार सम्राटांचे वर्ष. गॅल्बा, ओथो, व्हिटेलियस व व्हेस्पेशियन यांनी एकामागून एक सत्ता घेतली. ओथो केवळ तीन महिने टिकला. त्या अवधीत रोमच्या टाकसाळीने त्याची तांब्याची नाणी पाडलीच नाहीत, त्यामुळे त्याच्या चांदीच्या नाण्याला संग्राहक अधिक मोल देतात. १९३ मध्ये तर याहून विलक्षण प्रकार झाला. सम्राट पर्टिनॅक्सला ठार करून राजरक्षक फौजेने सिंहासनाचा चक्क लिलाव पुकारला. डिडियस जूलियानस याने दर शिपायामागे २५,००० सेस्टर्टियस बोली लावून ते घेतले आणि ६६ दिवसांत प्राण गमावला. पण ६६ दिवसांतही त्याची नाणी बाहेर पडली होती. नवा सत्ताधीश सर्वांत आधी टाकसाळीवर ताबा मिळवी. फौजेचा पगार नव्या मुखाच्या नाण्यांत वाटला की सत्तांतर पुरे झाले.

नाण्याने परत आणलेला सम्राट

नाण्यांचा ढीग न फोडता अभ्यासकांच्या हाती देण्याचे महत्त्व पटविणारे एक उदाहरण येथे विस्ताराने देतो.

१९०० साली फ्रान्समध्ये नांत शहराजवळ एका गाडग्यात तिसऱ्या शतकातील नाणी सापडली. त्यांत एका नाण्यावर ‘डोमिशियानस’ या सम्राटाचे नाव व किरणांचा मुकुट घातलेले मुख होते. पहिल्या शतकातील प्रसिद्ध डोमिशियन हा नव्हे. गॉल प्रांतात २६० ते २७४ या काळात रोमपासून फुटून निघालेली जी स्वतंत्र राजवट होती, तिच्या सम्राटांच्या यादीत हे नाव नव्हते. बंड केल्याच्या संशयावरून शासन झालेल्या या नावाच्या माणसाचा ओझरता उल्लेख तेवढा जुन्या ग्रंथांत मिळे. एकुलते एक नाणे, त्यावर अज्ञात सम्राट. तेव्हा जाणकारांनी ते बनावट ठरविले, आणि शंभर वर्षे ते बनावटच राहिले.

२००३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरातील चॅलग्रोव्ह गावी एका शेतात मातीचे मडके सापडले. आत सुमारे पाच हजार नाणी गंजून एकमेकांस चिकटून गोळा झाली होती. सापडविणाऱ्याने ती उकलण्याची घाई केली नाही. कायद्यानुसार कळविले आणि मडके ब्रिटिश म्यूझियममध्ये गेले. तेथे एकेक नाणे सुटे करताना त्याच डोमिशियानसचे दुसरे नाणे हाती आले. ते १९०० च्या नाण्याच्याच ठशांनी पाडलेले होते. गंजाच्या गोळ्यात शतकानुशतके अडकलेल्या नाण्यावर बनावटीचा आरोप ठेवणे शक्य नव्हते. पहिले नाणेही निर्दोष सुटले. सुमारे २७१ साली अल्पकाळ सम्राटपद धारण करणारा एक पुरुष इतिहासात परत आला.

हेच नाणे सुटे करून, धुऊन बाजारात आले असते तर? त्याला पुन्हा बनावट म्हटले गेले असते. येथे साक्ष दिली ती मडक्याने.

कस उतरत गेला

अर्थखात्याशी संबंध असणाऱ्यांना रोमन चांदीची कहाणी विशेष बोधक वाटेल. ऑगस्टसचे डिनॅरियस जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. एका रोमन रत्तल चांदीतून ८४ नाणी पाडीत. इ. स. ६४ मध्ये नीरोने ती ९६ केली आणि चांदीत हीणही वाढविले. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळी (१९३ ते २११) निम्मीच चांदी उरली. त्याचा पुत्र कॅराकॅला याने २१५ मध्ये नवे नाणे काढले. त्याची किंमत बहुधा दोन डिनॅरियस ठरविली होती, परंतु त्यात चांदी दीड डिनॅरियसएवढीच होती. गॅलिएनसच्या अखेरीस, म्हणजे २६८ पर्यंत, चांदीच्या म्हणविल्या जाणाऱ्या नाण्यांत शेकडा पाच भागही चांदी राहिली नव्हती. तांब्याला वरून पांढरा मुलामा तेवढा होता. लोकांनी जुनी नाणी पुरली, नवी खर्चून टाकली आणि महागाई वाढली. पुढे कॉन्स्टंटाइनने रत्तली ७२ या प्रमाणाने सॉलिडस हे सोन्याचे नाणे पाडले. त्याचा कस अकराव्या शतकापर्यंत जवळजवळ ढळला नाही.

भारताकडे वाहिलेला ओघ

हे सारे भारतातील व्यापाऱ्यांनी बारकाईने पारखले होते. आपल्याकडच्या रोमन चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस व टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य आहेत. आंध्रच्या पूर्वीच्या नलगोंडा जिल्ह्यातील, आता तेलंगणातील, अक्कनपल्ली येथे दीड हजारांवर चांदीची नाणी मिळाली, ती याच दोघांची. नीरोनंतरची हिणकस चांदी आपल्याकडे फारशी आली नाही. सोने मात्र येत राहिले. जुन्या कसदार नाण्यांनाच येथे मागणी होती, असे काही अभ्यासक मानतात. जुनी नाणी वेगळी काढून निर्यात करणे रोमन व्यापाऱ्यांनाच सोयीचे होते, असे इतर म्हणतात. प्रस्तुत लेखकास दोन्ही कारणे एकत्र काम करीत असावीत असे वाटते.

मिरी, मलमल, मोती व रत्ने यांच्यापायी भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्टियस ओढून नेतो, अशी तक्रार पहिल्या शतकात प्लिनीने लिहून ठेवली आहे. ती पुष्कळांना अतिशयोक्ती वाटे. परंतु व्हिएन्ना येथे असलेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसात मुझिरिस, म्हणजे केरळच्या बंदरातून, आलेल्या ‘हर्मापोलॉन’ या जहाजावरील मालाची किंमत नोंदलेली आहे. ती सुमारे ६९ लाख सेस्टर्टियस भरते. एका जहाजाचा हा हिशेब पाहिला म्हणजे प्लिनीचा आकडा मोठा नव्हे, उलट बेताचाच वाटू लागतो.

याच प्लिनीने श्रीलंकेची एक हकीकत सांगितली आहे. वादळात सापडून तेथे पोहोचलेल्या एका रोमन मुक्तदासाजवळची डिनॅरियस राजाने पाहिली. त्यांवर निरनिराळ्या सम्राटांची मुखे होती, पण वजन सर्वांचे सारखे. ज्या देशात राजा बदलला तरी माप बदलत नाही तो देश सचोटीचा, असा निष्कर्ष राजाने काढला. हकीकत खरी असो वा नसो, नाण्याने एका राज्याची पत दुसऱ्या राज्यात कशी जाते ते तीत आहे.

तमिळनाडूतील पुदुकोट्टै येथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियस सापडली. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा खोल घाव आहे. नाणे म्हणून ते चालू नये, केवळ सोने म्हणून वजनावर जावे, हा हेतू असावा. इतर नाण्यांवर सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेल्या बारीक खुणा दिसतात. युरोपातील हौशी संग्राहकास असे नाणे बिघडलेले वाटते. आपल्या दृष्टीने मात्र तो घाव म्हणजे त्या नाण्याचा भारतातील इतिहास होय.

महाराष्ट्रात नाणी कमी का?

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण, तगर म्हणजे आजचे तेर, सोपारा व कल्याण यांचा उल्लेख आहे. भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलून नफा मिळे, असेही तो सांगतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. तेर येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत मिळाली. व्यापाराचा एवढा पुरावा असून दक्षिणेकडील मोठमोठ्या साठ्यांच्या तुलनेने महाराष्ट्रात रोमन नाणी थोडी सापडतात.

याचे एक संभाव्य उत्तर नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे आहे. तेथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यावर ब्राह्मी व खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरे आहेत, आणि त्याचे मुख रोमन धाटणी डोळ्यांपुढे ठेवून कोरले असावे असे काहींचे मत आहे. येथील राजांची स्वतःची टाकसाळ जोरात होती. आलेली रोमन चांदी मुशीत जाऊन क्षत्रपांची नाणी झाली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. तमिळ प्रदेशात अशी राजकीय चांदीची नाणी फारशी नसल्यामुळे तेथे रोमन नाणे तसेच राहिले.

दख्खनमध्ये नाण्यांऐवजी त्यांच्या मातीच्या प्रतिकृती मात्र मिळतात. तेर व तेलंगणातील कोंडापूर यांसारख्या ठिकाणी टायबेरियसच्या मुखाचे, गळ्यात घालण्यासाठी भोक पाडलेले मातीचे पदक सापडले आहे. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी साहेबी नाण्याची हौस मातीवर भागविली. आपल्याकडील पुतळ्यांच्या माळेतील पुतळीसुद्धा मूळची व्हेनिसच्या सुवर्णनाण्यावरून आलेली आहे, हे लक्षात घेता ही आवड फार जुनी म्हणावी लागेल.

संग्राहकाने पाळावयाची पथ्ये

रोमन नाणी जमविणे हा केवळ श्रीमंतांचा छंद नव्हे. चौथ्या शतकातील तांब्याची लहान नाणी जगात लक्षावधींनी उपलब्ध आहेत आणि साधारण प्रतीची माफक किमतीत मिळतात. सोन्याचे नाणे कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा अशी वीस झिजलेली नाणी वाचून नोंदविणारा अधिक शिकतो.

बनावट नाण्यांपासून मात्र सावध राहावे. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याची शिवण दिसते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. अस्सल नाणे ठशाने पाडलेले असल्याने कडेला बारीक तडे आणि अक्षरांना धार असते. दोन नाणी बिंदूबिंदूने सारखी असतील तर संशय घ्यावा. एकोणिसाव्या शतकातील जर्मन कारागीर बेकर याने स्वतः ठसे कोरून उत्कृष्ट बनावट नाणी पाडली. ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसासह पेटीत घालून तो ती आपल्या घोडागाडीला बांधून हिंडवी, असे सांगतात. विक्रेत्याकडून पावती घ्यावी आणि नाणे कोठून आले हे लेखी मागावे. जो ते सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

साफसफाईचा मोह सर्वांत घातक. आपल्या घरांत तांब्याची भांडी चिंचेने किंवा राखेने लख्ख करण्याची सवय आहे. तीच नाण्यावर चालविली की हिरवट थर जातो, त्याबरोबर अक्षरे जातात आणि उरते ती चकती. नाणे कडेने धरावे, कागदी पाकिटात ठेवावे, आणि पाकिटावर वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे लेख व प्राप्तिस्थान लिहावे. सम्राटवार नाण्यांची सूची ‘रोमन इंपीरियल कॉइनेज’ या बहुखंडी ग्रंथात आहे. आपल्या राज्यात नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे. दक्षिणेत सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा संग्रह चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात पाहता येतो.

नाणी सापडल्यास

शंभर वर्षांहून जुने नाणे हे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार पुरावस्तू ठरते. ते परवान्यावाचून देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या धनास १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे निखात धन सापडल्यास सापडविणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे असते : काय सापडले, अंदाजे किंमत किती, कोठे आणि कोणत्या दिवशी. तसेच ते धन नजीकच्या सरकारी कोषागारात जमा करावयाचे, अथवा मागताच हजर करण्याबद्दल जामीन द्यावयाचा.

सरकार सर्व हिरावून घेते, ही समजूत गावोगाव आहे आणि तिच्यामुळेच हंडे रातोरात वाटले जातात. कायदा तसे म्हणत नाही. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून, चार ते सहा महिन्यांच्या अवधीतील दिवस नेमून हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. गेल्या शंभर वर्षांत आपण किंवा आपल्या पूर्वजांनी ते पुरले असे कोणी दाखवू शकले नाही, तर धन बेवारस ठरते. जमीन दुसऱ्याची असून वेगळा करार नसेल तर तीन-चतुर्थांश सापडविणाऱ्यास आणि एक-चतुर्थांश जमीनमालकास मिळते. शासनाला ते संग्रहासाठी हवे असल्यास धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश इतकी रक्कम देऊन संपादन करता येते. सोनार चोरीच्या मालाला बाजारभावही देत नाही, हे सरपंचांनी ग्रामसभेत आकड्यांनिशी सांगितल्यास उपयोग होईल. उलट, न कळविल्यास सापडविणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पोलीस पाटील, तलाठी अथवा ग्रामसेवक यांना वर्दी मिळताच पंचनाम्यात पुढील तपशील आवर्जून घ्यावा : गट क्रमांक, जागेची खूण, जमिनीपासून खोली, मातीचा रंग, नाणी मडक्यात होती की सुटी, सोबत विटा, खापरे, मणी किंवा हाडे होती काय. नाणी मोजावीत, पण चिकटलेली असल्यास सुटी करू नयेत. धुऊ नयेत, घासू नयेत. फुटलेल्या मडक्याचे तुकडे व आतली मातीसुद्धा वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावी. उचलण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र घ्यावे, बाजूला मापनपट्टी ठेवून. खड्डा अधिक खणण्यास कोणालाही मज्जाव करावा आणि तो गोणपाट व मातीने झाकून घ्यावा. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या अहवालाची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे त्याच दिवशी पाठवावी, म्हणजे खड्डा पावसाने भरण्यापूर्वी जाणकार अधिकाऱ्यास जागा पाहता येते.